ट्रेकच्या रात्री दोन-अडीचला शुगर पडते: का पडते आणि झोपण्याआधी काय बदलायचं

तक्रार जवळजवळ प्रत्येकाची सारखीच असते. दिवसभर पाठीवर सॅक घेऊन चाललो, मध्ये मध्ये शुगर बघितली, कुठेच काही बिघडलं नाही. संध्याकाळी मुक्कामावर पोचलो तेव्हा 140 (शुगरचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये). जेवलो, झोपलो. रात्री दोन-अडीचला जाग आली तर अंग घामाने थबथबलेलं, छातीत धडधड, मीटरवर 52. दुसऱ्या रात्री खबरदारी म्हणून चार घास जास्त खाऊन झोपलो, तरी तेच. आणि या वेळी एक वाजताच.

मला टाइप 1 मधुमेह आहे. दिवसातून एकदा बेसल (दिवसभर सावकाश काम करणारं इन्सुलिन) आणि प्रत्येक जेवणाआधी बोलस (त्या जेवणापुरतं, लवकर काम करणारं इन्सुलिन) अशी इंजेक्शनं घेतो. मुक्कामी ट्रेक सुरू केले तेव्हा ओळीने तीन ट्रेक माझं हेच झालं. दर वेळी मी रात्रीच्या जेवणात कारण शोधत राहिलो: खाणं कमी पडलं असेल, मोजताना चुकलं असेल. पुढे सगळ्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या तेव्हा दिसलं, की रात्री किती खाल्लं याच्याशी त्या आकड्यांचा फारसा मेळ बसत नाही. दुपारनंतर किती चढलो याच्याशी मात्र अगदी नेमका बसतो. रात्री दोनची शुगर दुपारच्या चढावरच ठरून गेलेली असते. हे पटलं की उपाय कुठे करायचा तेही कळतं.

हे इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी आहे, तसंच ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांसाठीही, कारण या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात आणि तुम्ही जेवलात की नाही हे त्यांना कळत नाही. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची शुगर अशी पडणं क्वचित घडतं. खाली जे आकडे येतील ते सर्वसाधारणपणे वापरले जाणारे आहेत. तुमचा डोस किती बदलायचा हे निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी बसून ठरवा आणि कागदावर लिहून घ्या. थकलेल्या डोक्याने तंबूत बसून टक्केवारी काढणं धोक्याचं आहे.

आधी बघा: आकडा खरा आहे का

दंडावर सतत शुगर मोजणारा सेन्सर असेल आणि तुम्ही त्याच कुशीवर झोपला असाल, तर दाबामुळे सेन्सरभोवतालच्या उतीतलं द्रव हटतं आणि शुगर पडल्याचा खोटा इशारा येतो. स्लीपिंग बॅगेत हालचालीला जागा नसल्याने हे घरच्यापेक्षा जास्त होतं. आलेख एकदम कड्यासारखा खाली कोसळलेला आणि कूस बदलल्यावर दहा-पंधरा मिनिटांत तितकाच वर आलेला दिसला, तर ते दाबाचं काम. शंका असेल तर बोटाला टोचून बघा. पण घाम, कंप, गोंधळल्यासारखं वाटणं अशी लक्षणं असतील तर खातरजमा नंतर, आधी ग्लुकोज.

मीटरचे स्वतःचे त्रास वेगळे. बऱ्याच मीटरना साधारण 10 ते 40 अंश सेल्सिअसमध्येच काम करता येतं. थंडीत तो एरर दाखवतो किंवा चुकीचा आकडा देतो. मीटर आणि पट्ट्यांची डबी रात्री स्लीपिंग बॅगेत अंगाजवळ ठेवा. बोटं गारठली असतील तर थेंब येतच नाही. हात काखेत मिनिटभर धरा, मग हात खाली सोडून झटका आणि टोचा. खूप उंचीवर हवेत ऑक्सिजन कमी असल्यानेही काही मीटरचा आकडा फसवतो. आपल्या मीटरला किती उंची आणि किती तापमान चालतं हे त्याच्या माहितीपत्रकात असतं, तेवढं घरून वाचून जा.

एक चूक मी स्वतः केलेली आहे. वाटेत ग्लुकोजची पावडर चिमटीने खाल्ली आणि तीच बोटं न धुता संध्याकाळी शुगर बघितली. आकडा आला 190. त्या भरवशावर झोपलो. प्रत्यक्षात शुगर किती असेल कोण जाणे, पण मध्यरात्री 48 होती. पाणी मोजकं असलं तरी एका बोटाचं टोक धुण्यापुरतं काढाच. अगदीच नसेल तर पहिला थेंब पुसून टाका आणि दुसरा वापरा.

असं का होतं

स्नायू आणि यकृत ग्लायकोजेनच्या रूपात साखर साठवतात. मोठ्या माणसाच्या स्नायूंत ढोबळमानाने 400 ग्रॅम, यकृतात 100 ग्रॅमच्या आसपास. सहा-सात तास ओझं घेऊन चढउतार केल्यावर हा साठा बराच रिकामा होतो. चालताना स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर आत ओढू शकतात. थांबल्यावरही ते काम संपत नाही, कारण आता कोठार भरायचं असतं. शिवाय व्यायामानंतर शरीर इन्सुलिनला जास्त प्रतिसाद देऊ लागतं, आणि हा परिणाम 24 तास, कधी 48 तासही टिकतो. म्हणजे घरी जो बेसल डोस तुम्हाला रात्रभर सपाट ठेवतो, तोच डोस ट्रेकच्या रात्री जास्तीचा होतो. दुपारी श्रम झाले असतील तर साखरेची मागणी एकदा श्रमाच्या वेळी वाढते आणि दुसऱ्यांदा साधारण 7 ते 11 तासांनी. दुपारी चारला चढ संपवलात, तर हिशेब करा, ते घड्याळात कुठे येतं.

एरवी शुगर पडायला लागली की यकृत मदतीला धावतं. पण त्या रात्री त्याचाही साठा कमी असतो. मद्य घेतलं असेल तर यकृताचं नवीन साखर तयार करण्याचं कामच मंदावतं. म्हणून ट्रेकवर, निदान मुक्कामाच्या रात्री, ते नकोच. यात मी मधला मार्ग सांगणार नाही.

दुसरी रात्र पहिलीपेक्षा वाईट का, याचंही कारण आहे. एकदा शुगर पडून गेली की पुढचा दिवसभर शरीराची धोक्याची घंटा बारीक वाजते. अ‍ॅड्रिनलिन आणि ग्लुकॅगॉन या शुगर वर आणणाऱ्या संप्रेरकांचा प्रतिसाद कमी होतो, घाम आणि धडधड उशिरा जाणवते. दमणूकही तेच करते. त्यात साठा अर्धवट भरलेला असतानाच तुम्ही पुन्हा चालायला लागता. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेत असाल तर धडधड आणि कंप आणखी झाकले जातात. घाम मात्र बहुतेक वेळा येतो, त्यावर लक्ष ठेवा.

काय बदलायचं

सुरुवात चालतानाच करा. "शुगर 150 आहे, मग कशाला खायचं?" हा विचारच रात्री महागात पडतो. आकडा चांगला दिसतो कारण यकृत साठ्यातून साखर सोडत असतं. ती उधारी रात्री वसूल होते. लांबच्या चालीत ताशी 30 ते 60 ग्रॅम कार्ब्स (कार्बोहायड्रेट, म्हणजे पिष्ट आणि साखर) लागू शकतात. अंगात इन्सुलिन किती आहे आणि चढ किती खडा आहे यावर ते कमीजास्त होतं. मी दर पाऊण तासाला 15-20 ग्रॅम खातो, भूक असो वा नसो. निघण्याआधीच्या जेवणाचा बोलसही कमी करावा लागतो. लगेच चढ असेल तर ही कपात 25 ते 75 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. कपात न करता नुसतं खात राहिलात तर इन्सुलिनच्या मागे धावत खाणं एवढंच हाती उरतं. आणि चालण्याआधी मांडीत इंजेक्शन घेऊ नका, हलणाऱ्या स्नायूवरून इन्सुलिन लवकर शोषलं जातं. पोट बरं.

मुक्कामावर पोचल्यावर तंबू उभारण्याआधी खा. श्रम संपल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन तासांत स्नायू कोठार सगळ्यात झपाट्याने भरतात. ही संधी आपण पाणी आणण्यात, ओले मोजे वाळत घालण्यात घालवतो, मग रात्री नऊला पूर्ण बोलस घेऊन जेवतो आणि दहाला झोपतो. म्हणजे इन्सुलिन जोरात असताना आपण गाढ झोपेत. जेवण लवकर घ्या आणि त्याचा बोलस कमी करा. श्रमानंतरच्या जेवणाला 50 टक्क्यांपर्यंत कपात सुचवली जाते. झोपेपर्यंत निदान तीन तास हातात राहिले, की बोलसचा बराचसा भर जागेपणीच ओसरतो.

आता बेसल. माझ्या अनुभवात सगळ्यात मोठा फरक यानेच पडला. श्रमाच्या दिवशी रात्रीचा बेसल डोस सुमारे 20 टक्के कमी करणं ही साधारण मान्य पद्धत आहे. इन्सुलिन पंप असेल तर झोपताना सहा तासांसाठी तात्पुरता बेसल 20 टक्के खाली आणता येतो. पेन वापरणाऱ्यांनी आपलं बेसल इन्सुलिन कोणतं ते नीट बघा. ग्लार्जिन 100 चा परिणाम साधारण दिवसभर राहतो, त्यामुळे संध्याकाळचा डोस कमी केला की त्याच रात्री फरक दिसायला लागतो. डेग्लुडेकचं तसं नाही. त्याचा परिणाम 42 तासांपर्यंत पोचतो आणि डोस बदलल्यावर नवी पातळी स्थिरावायला तीन-चार दिवस लागतात. ट्रेकच्या संध्याकाळी डेग्लुडेक कमी करून त्या रात्रीची शुगर वाचेल अशी आशा धरू नका. कपात करायचीच तर ती निघण्याच्या दोन-तीन दिवस आधीपासून, डॉक्टरांना विचारून, आणि त्या काळात घरची शुगर थोडी वर राहील हे गृहीत धरून. माझी पहिल्या तीन ट्रेकची गोम इथेच होती. कपात मी करत होतो, पण फार उशिरा.

याउपर झोपताना थोडं खाणं, बोलस न घेता. वजनाच्या किलोमागे 0.4 ग्रॅम कार्ब्स असं एक माप आहे, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 24 ग्रॅम. सोबत मूठभर शेंगदाणे किंवा चीजसारखं काही असलं की साखर सावकाश चढते आणि जास्त वेळ टिकते. पण बेसल तसंच ठेवून नुसत्या खाण्यावर रात्र काढायला जाऊ नका. खाणं तीन-चार तासांत संपतं, बेसल सकाळपर्यंत चालू असतं.

झोपताना शुगर निदान 150 असावी असं माझं स्वतःचं लक्ष्य आहे. 126 च्या खाली असेल तर खाऊन, पुन्हा बघून मगच डोळे मिटतो. घरी 170 ला झोपणं मला आवडत नाही. ट्रेकवर ते मी आनंदाने पत्करतो. पहिल्या रात्री दोनचा गजर लावून एकदा टोचून बघतो, सेन्सर असला तरी. फोन थंडीत झटकन मान टाकतो, म्हणून तोही बॅगेत कुशीला, आणि इशाऱ्याचा आवाज शेजारच्यालाही ऐकू जाईल इतका मोठा.

गोळ्या घेणाऱ्यांना बेसल आणि बोलस किती कमी करायचं हा हिशेब लागू होत नाही. त्यांच्यासाठी ट्रेकच्या दिवसांत ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचा डोस कमी करायचा की गोळी बंद ठेवायची, हा प्रश्न डॉक्टरांपुढे सरळ मांडावा. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर तेही आवर्जून सांगा. या औषधांनी शुगर तशी पडत नाही, पण लघवीवाटे पाणी जातं, आणि अन्नपाणी कमी पडलं तर शुगर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) साठू शकतात.

तरीही रात्री पडलीच तर

70 च्या खाली गेली की 15 ग्रॅम ग्लुकोज, 15 मिनिटं थांबा, पुन्हा बघा. 54 च्या खाली असेल तर मी एकदम 25-30 ग्रॅम घेतो. वर आल्यावर लगेच आडवं होऊ नका. वर सांगितलेलं सावकाश चढणारं खाणं खा, कारण कोठार अजून साखर ओढतंच आहे आणि ग्लुकोजचा जोर तासाभरात ओसरतो. चॉकलेट यासाठी कामाचं नाही, त्यातली चरबी साखरेला पोटात अडवून ठेवते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: या गोळ्या साध्या साखरेचं विघटन लांबवतात, त्यामुळे साखर किंवा गोड गोळ्या खाऊन लवकर उपयोग होत नाही. शुद्ध ग्लुकोजच लागतं.

ग्लुकोज ठेवायचं कसं, यालाही महत्त्व आहे. शुगर 50 असताना, अंधारात, गारठलेल्या आणि थरथरणाऱ्या बोटांनी प्लॅस्टिकचं पाकीट फाडता येत नाही. मी एकदा ते दातांनी ओढलं आणि अर्धी पावडर चटईवर सांडली. तेव्हापासून रुंद तोंडाच्या, फिरकीच्या झाकणाच्या लहान डब्या वापरतो. प्रत्येकीत 15 ग्रॅम मोजून भरलेलं, झाकण फक्त पाव फेरा घट्ट. दोन डब्या उशाला उजव्या हाताच्या कप्प्यात, नेहमी त्याच कप्प्यात, एक खिशात, आणि दोन सोबत्याच्या सॅकमध्ये. माझी सॅक दरीत गेली तर माझं औषधही तिच्याबरोबर जाऊ नये.

सोबत्याला झोपण्याआधी दोन मिनिटं सांगा. मी असंबद्ध बोललो, चिडलो किंवा हाका मारूनही उठलो नाही तर शुगर पडलीय असं समज. शुद्धीवर असेन, गिळता येत असेल, तर डबी दे. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नकोस, कुशीवर वळव, सोबत ठेवलेलं ग्लुकॅगॉनचं औषध दे आणि मदत बोलाव. ग्लुकॅगॉन यकृतातला साठाच मोकळा करतं, त्यामुळे दिवसभराच्या श्रमानंतर किंवा उपाशीपोटी त्याचा परिणाम कमी होऊ शकतो. ते दिलं म्हणून निवांत बसायचं नाही, शुद्ध येताच खायला घालायचं. खूप उंचीवर आणखी एक घोळ होतो. डोकेदुखी, मळमळ, गळाठा ही उंचीच्या त्रासाचीही लक्षणं आणि शुगर पडल्याचीही. अंदाज बांधू नका, दर वेळी टोचून बघा.

सकाळी उलटच दिसलं तर

रात्री पडलेली शुगर सकाळी 260 दिसली, की तोंडाला पाणी लावायच्या आधी पूर्ण करेक्शन (वाढलेली शुगर खाली आणायचं जादा इन्सुलिन) घेण्याचा मोह होतो. थांबा. त्यातला बराच भाग रात्री घाबरून जास्त खाल्ल्याचा असतो, आणि तासाभरात पुन्हा चाल सुरू होणार आहे. मी नेहमीच्या करेक्शनच्या निम्मं घेतो, कधी तेही नाही. मात्र 250-270 च्या वर असेल आणि कारण सापडत नसेल तर कीटोन तपासा. रक्तातले कीटोन लिटरमागे 1.5 मिलिमोल किंवा जास्त असतील तर चालायचं नाही. पाणी, इन्सुलिन आणि डॉक्टरांचा सल्ला, याच क्रमाने.

शुगर दिवसभर खालीच येत नसेल तर इन्सुलिनवर संशय घ्या. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला पूर्वीसारखं दिसू शकतं, तरी ते टाकूनच द्यायचं. थंडीत पेन अंगालगत, उन्हात बाष्पीभवनाने गार राहणाऱ्या पिशवीत, सॅकच्या मध्यभागी कपड्यांत. सॅकच्या वरच्या कप्प्यात कधीच नाही, तिथे सरळ ऊन लागतं. दुसरं पेन सोबत्याकडे.

 

मी आता एक छोटी वही ठेवतो. त्यात चालण्याचे तास, दुपारनंतरचा चढ, बेसल आणि रात्रीचे तीन आकडे एवढंच. मागच्या ट्रेकचं पान असं आहे. पहिली रात्र: बेसल 20 युनिटवरून 16, झोपताना 168, दोनला 121, सकाळी 118. दुसरी रात्र: दुपारचा चढ लांबला, बेसल 16 च, झोपताना 174, दोनला 88, 20 ग्रॅम खाल्लं, सकाळी 130. तिसऱ्या रात्री बेसल 15 केलं, मुक्कामावर पोचल्या पोचल्या जेवलो. झोपताना 160, दोनला 126, सकाळी 122.